पावसाची धास्ती कीं छायाचित्रांची?

लग्नघरांत पावसाची चर्चा होणें ही गोष्ट महाराष्ट्रास नवी नाहीं. वैशाखांतल्या मांडवावर वळवाची सर केव्हांही येऊन कोसळते, हें ठाऊक असलेले आपले वाडवडील मांडव घालतांना एक डोळा कनातीवर आणि दुसरा आभाळावर ठेवीत. तथापि त्या वेळच्या चर्चेचा विषय आणि आजच्या चर्चेचा विषय यांत मोठें अंतर पडलें आहे. पूर्वीं प्रश्न असे तो पंगतीचा. पाऊस आला तर पानांवर बसलेल्या माणसांस कोठें हलवावयाचें, चुलीवरचा भात कसा वांचवावयाचा, परगांवाहून आलेल्या वऱ्हाडाचीं अंथरुणें कोठें टाकावयाचीं, याची विवंचना यजमानास लागलेली असे. आज पहिला प्रश्न निघतो तो हा, कीं पाऊस आला तर फोटोंचें काय? असा प्रश्न विचारणारीं माणसें दुष्ट नसतात, मूर्खही नसतात. परंतु ज्या समाजांत हा प्रश्न पहिला झाला, त्या समाजाच्या आतिथ्यबुद्धीस कांहीं तरी रोग जडला आहे असें आमचें मत आहे, आणि तें आम्ही कोणाची भीड न धरतां येथें मांडणार आहों.

आरंभींच एक गैरसमज दूर केला पाहिजे. पावसाची आगाऊ तजवीज करणाऱ्यांची आम्ही थट्टा करीत नाहीं. उलट ती न करणारा यजमान आमच्या मतें अपराधी आहे. छायाचित्रांशींही आमचें वैर नाहीं. आमचें म्हणणें क्रमाविषयीं आहे. पावसाची तजवीज करावयाची ती प्रथम पाहुण्यांसाठीं व कार्यांत राबणाऱ्यांसाठीं, मग विधीसाठीं, आणि सर्वांच्या शेवटीं चित्रांसाठीं. हा क्रम आज नेमका उलटला आहे, आणि तो उलटला आहे हें कोणाच्या लक्षांतही येत नाहीं, हें त्याहून वाईट.

आपल्या पूर्वजांजवळ पावसाची योजना नव्हती असें कोणी समजूं नये. त्यांची योजना पंचांगांतच होती. आषाढ शुद्ध एकादशीपासून कार्तिक शुद्ध एकादशीपर्यंतचे चार महिने लग्नकार्यास वर्ज्य. पुढें तुळशीचें लग्न लागलें कीं माणसांच्या लग्नांस वाट मोकळी. आणि मृग उंबरठ्यावर आला कीं राहिलेलीं कार्यें घाईघाईनें उरकून घ्यावयाचीं, हा क्रम केवळ देवाच्या निद्रेवर आधारलेला नव्हता. ज्या देशांत नद्यांवर पूल नव्हते, वाटा म्हणजे चिखलाचे पाट होते, आणि घरांतील एकूणएक हात पेरणीस, लावणीस व खुरपणीस लागत असे, त्या देशांत पावसाळ्यांत वऱ्हाड काढणें म्हणजे माणसांस संकटांत लोटणें होतें. धर्मशास्त्रानें सर्वसंगपरित्याग केलेल्या संन्याशासही या चार महिन्यांत एका जागीं बसविलें. मग लेंकराबाळांसह निघणाऱ्या वऱ्हाडास त्यानें घरीं बसविलें यांत नवल काय? एकाच पंचांगांत एका पानावर विवाहाचे मुहूर्त आणि दुसऱ्या पानावर पावसाचीं नक्षत्रें व त्यांचीं वाहनें छापलेलीं असत, आणि आजही असतात. हत्ती, म्हैस कीं बेडूक हें पाहून पावसाचें मान खरोखर कळतें असें आम्ही म्हणत नाहीं. पण तीं दोन पानें एका पुस्तकांत शिवणाऱ्यास पाऊस हा लग्नाहून मोठा आहे याची जाणीव होती, एवढें मात्र खचित.

ती जाणीव सर्वस्वीं निर्मळ होती असेंही नाहीं. पातेल्याच्या बुडाची खरवड आवडीनें खाणाऱ्या मुलीस, 'तुझ्या लग्नांत पाऊस पडेल हो!' असें बजावण्याची चाल आपल्याकडे घरोघर होती. आभाळाच्या लहरीचें खापर पोरीच्या जिभेवर फोडण्याचा हा प्रकार न्यायाचा खास नव्हे. तरी पण त्यांत एक खेळकरपणा होता. ऐन कार्यांत सर आलीच तर एखादी आजी खरवडीची आठवण काढी, मांडवभर हशा पिके, आणि भिजलेलीं माणसें हंसतहंसत ओसरीवर चढत. आज सर आली तर हंसूं येत नाहीं. चित्रकाराशीं केलेलें करारपत्र बाहेर निघतें, आणि पैसे परत मिळण्याचें कलम त्यांत कितवें आहे याचा शोध सुरू होतो.

काळाप्रमाणें चाली बदलतात, आणि बदलाव्यात. नोकरीची रजा, परदेशांतून येणाऱ्या भावंडांची सोय, आणि मंगल कार्यालयाची मिळेल ती तारीख यांनीं चातुर्मासाचें कुंपण मोडलें. अडीअडचणीच्या प्रसंगासाठीं पंचांगांतूनही चातुर्मासांतले मुहूर्त दिले जाऊं लागले. यांत आम्हांस कांहीं वावगें दिसत नाहीं. डोक्यावर पक्कें छप्पर आणि पायांखालीं पक्की सडक असल्यावर श्रावणांत लग्न लावण्यास हरकत ती कसली? विचित्र गोष्ट पुढेंच आहे. एकीकडे पावसाळ्याचा निषेध सुटला आणि त्याच सुमारास लग्न छपराखालून निघून उघड्यावर आलें! शहरांच्या वेशीवर 'लॉन' या नांवानें ओळखलीं जाणारीं मोकळीं मैदानें पसरलीं, समुद्रकांठचे व धरणकांठचे रिसॉर्ट लग्नांसाठीं उघडले, आणि मावळत्या सूर्यासमोर उभें राहून एकमेकांस हार घालणें ही प्रतिष्ठेची खूण ठरली. या सूर्यास्ताची आवड वधूवरांस आपोआप उपजली नाहीं. ती दुसऱ्यांच्या लग्नाचीं चित्रें पाहून उपजली. म्हणजे चित्रांसाठीं माणसें उघड्यावर आलीं, आणि उघड्यावर आल्यामुळें पुन्हा चित्रांसाठींच पावसास भिऊं लागलीं.

तशांत पावसानेंही आपलें वेळापत्रक सोडल्यासारखें केलें आहे. मुंबईंत सामान्यतः ११ जूनच्या सुमारास येणारा मोसमी पाऊस २०२५ सालीं २६ मे रोजींच दाखल झाला. सबंध मे महिन्यांत महाराष्ट्रभर सरीवर सरी कोसळत होत्या, आणि लग्नसराई तर ऐन भरांत होती. २०२३ सालीं २६ नोव्हेंबरला, म्हणजे तुळशीचीं लग्नें चालूं असतांना, नाशिक जिल्ह्यांत गारपीट झाली. हवामानखात्याकडून आज आठवड्याचा अंदाज मिळतो, आणि मेघगर्जनेचा इशारा दोनतीन तास आधीं मिळतो. परंतु कार्यालयाची तारीख ठरते ती सहा महिने आधीं. अमक्या सायंकाळीं सात वाजतां अमक्या गांवीं पाऊस येईल कीं नाहीं हें त्या दिवशीं सांगणारें शास्त्र जगांत निघालेलें नाहीं. तेव्हां तजवीज ही हवीच. वाद आहे तो ती कोणासाठीं, एवढाच.

आजची तजवीज कशी असते ती पाहा. वधूच्या शालूशीं रंग जुळणाऱ्या छत्र्यांची जोडी आधींच आणून ठेवलेली असते, आणि छत्री पारदर्शक असेल तर उत्तम, कारण तिच्याखालीं चेहऱ्यावर सावली पडत नाहीं. पावसामुळें हिरवळीवरची फुलांची भिंत गेली तर आंत दुसरी भिंत तयार असते. कॅमेऱ्यांस आवरणें असतात, ड्रोन उडविणाऱ्यास वेगळा आडोसा असतो, भिजलेल्या केसांची रचना पुन्हा करण्यासाठीं एक बाई सज्ज असते. आतां त्याच मांडवाच्या दुसऱ्या टोकास चला. सत्तरी ओलांडलेली आत्या मोटारींतून उतरून चिखलांत पाय टाकावा कीं टाकूं नये या विचारांत उभी आहे, आणि तिच्या डोक्यावर कोणाची छत्री नाहीं. आचारी एका हातानें ताडपत्री सावरीत दुसऱ्या हातानें पुऱ्या तळतो आहे. वाढपी पोरें ओल्या अंगानें वाढीत आहेत. ज्या मुहूर्तासाठीं तीन पंचांगें चाळलीं, तो मुहूर्त पाऊस उघडून 'प्रकाश बरा होईपर्यंत' पुढें ढकलला जातो. ग्रहांसाठीं जो क्षण बदलतां येत नव्हता, तो कॅमेऱ्यासाठीं बदलतां आला! आणि अखेरीस अंतरपाट धरला जातो तेव्हां त्याच्यापुढें चित्रकारांची अशी रांग उभी राहते कीं दूरदेशाहून आलेल्या आप्तांस वधूवरांऐवजीं पाठींचें दर्शन घडतें. हातांतल्या अक्षता ओल्या होऊन तळव्यास चिकटलेल्या असतात. त्या कोणाच्या दिशेनें टाकाव्या हेंही त्यांस कळत नाहीं.

खरी तजवीज काय असते, हें कोणाही जुन्या मांडववाल्यास विचारावें. तो प्रथम पाण्याच्या वजनाविषयीं बोलेल. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे एक लिटर पाणी, अर्थात् एक किलो वजन. साठ फूट रुंद व शंभर फूट लांब मांडवावर वळवाच्या एका जोरदार सरीनें पंचवीस मिलिमीटर पाऊस पडला, तर सुमारें चौदा हजार लिटर, म्हणजे चौदा टन पाणी त्याच्या छतावर उतरतें. छतास उतार असेल तर तें वाहून जातें. छत सपाट ताणलेलें असेल तर कापडास झोळ पडतो, झोळांत पाणी सांचतें, सांचलेल्या पाण्यानें झोळ वाढतो, आणि एका क्षणीं तो सगळा भार खालच्या माणसांवर येतो. छताखालून झुंबरें व फुलांच्या माळा चित्रांत सरळ रेषेंत दिसाव्या म्हणून उतार काढून टाकावयास लावणारे यजमान आहेत. आम्ही त्यांस विचारतों कीं, त्या छताखालीं तुमची स्वतःची आई बसणार आहे, हें तुम्हांस ठाऊक आहे ना?

दुसरी गोष्ट विजेची. मांडवांतल्या दिव्यांच्या तारा जमिनीवरून, गालिच्याखालून नेलेल्या असतात, कारण वर टांगलेल्या तारा चित्रांत वाईट दिसतात. ओल्या जमिनीवर तारेचा एक उघडा सांधा पुरे होतो. सांधे जमिनीपासून वर असावे, जनित्रास नीट भूमिजोड असावी, गळती होतांच प्रवाह तोडणारी कळ बसविलेली असावी, आणि ती कोठें आहे हें निदान दोघां माणसांस ठाऊक असावें, या गोष्टींस फार पैसा लागत नाहीं. वळवाच्या पावसाबरोबर आकाशांतली वीजही येते. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेनें 'दामिनी' नांवाचें विजेचा इशारा देणारें साधन फुकट उपलब्ध करून दिलें आहे. लग्नघरांतल्या शंभर दूरध्वनींपैकीं एकावर तरी तें असावें, आणि मेघ गर्जूं लागतांच लोखंडी शिडीवर चढलेल्या चित्रकारास व झाडाखालीं उभ्या असलेल्या घोडेवाल्यास आंत बोलावण्याचें काम एका जबाबदार मनुष्याकडे सोंपवावें.

तिसरी गोष्ट माणसांची. मोटार थांबते तेथपासून बैठकीपर्यंत छपराची अखंड वाट, पायांखालीं काथ्याच्या चटया, म्हाताऱ्यांसाठीं दाराशीं छत्र्या घेऊन उभीं असलेलीं घरचीं तरणीं मुलें, आणि पुसावयास कोरडे पंचे, इतक्यानें निम्में काम होतें. स्वयंपाकाची जागा पाहुण्यांच्या जागेइतकीच कोरडी असली पाहिजे. ज्यांच्या हातचें आपण खातों त्यांस भिजत ठेवणें हा अन्नाचाही अपमान आहे. वाजंत्र्यांस विसरूं नये. दमट हवेनें संबळाचें व ताशाचें कातडें सैल पडतें आणि नाद बसतो. तें शेकावयास थोडा विस्तव व बसावयास कोपरा, एवढेंच त्यांचें मागणें असतें. घोड्याचा पाय ओल्या फरसबंदीवर घसरतो; पाऊस असेल तर नवऱ्या मुलानें चालत यावें, त्यानें त्याची शोभा तिळभरही कमी होत नाहीं. या यादींत चित्रास उपयोगी असें एकही कलम नाहीं. म्हणूनच ती कोणी करीत नाहीं, असा आमचा आरोप आहे.

आतां छायाचित्रांच्या बाजूनेंही या भयाचा विचार करूं, कारण तें भय त्या शास्त्राच्या दृष्टीनेंही निराधार आहे. १८३९ सालीं पॅरिस येथें दागेरनें आपली युक्ति जाहीर केली, आणि १८५४ सालीं मुंबईंत छायाचित्रकारांची मंडळी स्थापन झालीसुद्धां. त्या काळापासून पुढें पुष्कळ वर्षें चित्र काढून घेण्यासाठीं चित्रशाळेंत जावें लागे. चांगली चित्रशाळा ओळखावयाची खूण म्हणजे तिची उत्तरेकडील कांच. उत्तरेकडूनच उजेड कां? तर तिकडून थेट ऊन येत नाहीं. आकाशाचा पसरलेला, सौम्य उजेड येतो, आणि त्यांत चेहऱ्यावर कठोर सावल्या पडत नाहींत. जो उजेड मिळविण्यासाठीं त्या लोकांनीं छपरें फोडून कांचा बसविल्या, तोच उजेड ढगाळ दिवशीं आकाश सर्व बाजूंनीं फुकट देतें. उलट मे महिन्यांतल्या दुपारीं डोक्यावर आलेल्या सूर्यानें डोळ्यांच्या खोबणींत काळोख आणि नाकावर चकाकी आणून सुंदर मुखही विद्रूप होतें. भर दुपारच्या उन्हाचा उजेड साधारण एक लक्ष लक्स धरला तर ढगाळ दिवशीं तो दहांश उरतो, आणि ही तूट भरून काढणें आजच्या कॅमेऱ्यास मुळींच जड नाहीं. ज्या चित्रकारास ढगाळ दिवसाची भीति वाटते, त्यानें आपला धंदा पुरता शिकून घेतलेला नाहीं; आणि ज्यास तशी भीति वाटत नाहीं, त्याच्या तोंडीं ती यजमानच घालीत आहेत.

पावसाचें भय खरोखरीचें नाहीं याचा आणखी एक पुरावा आहे. हेंच वधूवर लग्नापूर्वींच्या चित्रणासाठीं धबधब्याशीं जातात, ओल्या दगडांवर जीव धोक्यांत घालून उभीं राहतात. धबधबा न मिळाल्यास नळीनें वरून पाणी सोडून खोटा पाऊसही पाडून घेतात. म्हणजे पाऊस आवडतो, पण तो आपल्या हुकमांतला असावा! जो आपण बोलावला तो प्रणयाचा पाऊस, आणि जो आपण होऊन आला तो अपशकुन. ज्या देशांत कालिदासानें विरही यक्षाचा निरोप मेघाच्या हवालीं केला, त्या देशांत मेघ न बोलावतां आला म्हणून त्यास दारांतून हांकलावयाचें, ही रसिकता म्हणावयाची कीं मिजास?

आमच्या म्हणण्यावर जे आक्षेप येतील त्यांचाही विचार केला पाहिजे. पहिला आक्षेप असा कीं, दिवस संपतो, जेवण विसरतें, आणि शेवटीं चित्रेंच तेवढीं उरतात. या म्हणण्यांत तथ्य आहे. आजीच्या लग्नाचें कडा फाटलेलें एकुलतें एक चित्र ज्या घरांत जपून ठेवलेलें असतें, तेथें त्याची किंमत आम्हांस कोणी सांगावयास नको. परंतु तें चित्र किंमती कशामुळें झालें? त्यांतल्या प्रकाशामुळें नव्हे खास. त्यांत दिसणारीं माणसें घरच्यांच्या ओळखीचीं आहेत, त्यांच्या गोष्टी कोणी तरी सांगितल्या आहेत, म्हणून. स्मृति माणसांत असते, आणि चित्र तिला जागें करतें. ज्या दिवशीं सर्वांनीं मिळून केवळ चित्रेंच घडविलीं, त्या दिवसाचीं चित्रें पुढें कसली स्मृति जागवणार? फार तर चित्रें काढल्याची. पावसांत मांडव गळूं लागला, सासऱ्यांनीं डोक्यावर पाट धरला, विहिणी विहिणी एका छत्रींत आल्या, ही गोष्ट पन्नास वर्षें सांगितली जाईल. निरभ्र आकाशाची गोष्ट कोणी सांगत नाहीं.

दुसरा आक्षेप परदेशस्थ आप्तांचा. अमेरिकेंत, इंग्लंडांत वा आखाती देशांत राहणाऱ्या ज्या भावाबहिणींस येतां आलें नाहीं, त्यांनीं चित्रांवरच समाधान मानावयाचें. त्यांच्यासाठीं तरी चित्रें चांगलीं नकोत काय? अवश्य हवींत. परंतु दूर देशीं एकट्या बसलेल्या मनुष्यास काय पाहावयाचें असतें? फुलांची भिंत त्या देशांतही मिळते. त्यास पाहावयाचा असतो आपल्या गांवचा पाऊस, कौलांवरून पडणाऱ्या धारा, आणि भिजूनही न उठलेली पंगत. आपण त्या धाराच पुसून टाकतों आणि त्यास कोणत्याही देशांतलें वाटेल असें एक गुळगुळीत चित्र पाठवितों.

'पुसून टाकतों' हा शब्द आम्ही विचारपूर्वक वापरला आहे. फोटोशॉप या प्रसिद्ध प्रणालींत २०२० सालीं चित्रांतलें आकाश बदलण्याची सोय आली. करडें आभाळ काढून त्या जागीं निळें किंवा सायंकाळचें केशरी आभाळ बसविणें हें आतां क्षणाचें काम झालें आहे. जाहिरातींत कोणी तसें करो. तेथें खोटेपणा गृहीतच असतो. परंतु लग्नाचें चित्र हा घराण्याचा दस्तऐवज आहे. त्या दिवशीं पाऊस पडला होता ही घटना आहे, आणि ती खोडून नातवंडांच्या हातीं खोटें आकाश देण्याचा अधिकार कोणासही नाहीं. ज्यास ढग खपत नाहींत त्यानें चित्रें काढूं नयेत, तें अधिक प्रामाणिक होईल.

कायद्याकडे पाहिलें तरी तेंच दिसतें. सप्तपदी हा ज्या विवाहविधीचा भाग आहे, तेथें सातवें पाऊल पडतांच विवाह पूर्ण व बंधनकारक होतो, असें १९५५ च्या हिंदु विवाह कायद्याचें सातवें कलम सांगतें. त्यांत कॅमेऱ्याचा उल्लेख नाहीं. विवाह हा नाचगाण्याचा व खाण्यापिण्याचा समारंभ नव्हे, असें सर्वोच्च न्यायालयासही २०२४ सालीं बजावावें लागलें. आणि महाराष्ट्रास हा विचार नवा थोडाच आहे? १८७३ सालीं महात्मा फुले यांच्या सत्यशोधक समाजानें लग्नांतला अवडंबर व खर्च कमी करून वधूवरांच्या परस्पर प्रतिज्ञेवर सारा भर दिला. तेव्हां कर्ज होई तें मानपानासाठीं. आज त्या मानपानाची जागा चित्रांनीं घेतली आहे, आणि पाऊस आला कीं या नव्या मानकऱ्याचीच समजूत प्रथम काढावी लागते.

एक शेवटची गोष्ट राहिली, आणि आमच्या मतें तीच सर्वांत महत्त्वाची आहे. २०१६ च्या एप्रिलांत लातूरकरांस मिरजेहून आगगाडीनें पाणी पाठवावें लागलें. पाऊस लांबला कीं आपल्याच खेड्यांत अंगास कडुलिंबाचा पाला बांधून धोंडी काढतात; आसामांत तर पावसासाठीं बेडकांचें लग्न लावतात, आणि त्यास 'भेकुली बिया' म्हणतात. पाऊस यावा म्हणून बेडकांचीं लग्नें, आणि आपल्या लग्नांत तो येऊं नये म्हणून नवस! मृग लागल्यावरही पाऊस चार दिवस थांबावा अशी इच्छा करणारा मनुष्य आपल्या पंगतीस बसलेल्या शेतकरी मामाच्या तोंडाकडे पाहत नाहीं. आणि अवकाळी पाऊस असेल तर गोष्ट अधिकच कठीण होते. मे महिन्यांत झोडपणारा पाऊस उघड्यावरचा कांदा कुजवितो. नोव्हेंबरांतली गार द्राक्षाचा घड फोडते. त्या सायंकाळीं लग्नास आलेल्या पाहुण्यांपैकीं एखाद्याचें वर्षाचें उत्पन्न त्याच घटकेस भिजत असतें, आणि तो तें मनांत ठेवून, नवा सदरा घालून, आहेर घेऊन आलेला असतो. त्याच्यादेखत 'पावसानें फोटोंचा सत्यानाश केला' असें ओरडणाऱ्या यजमानास आम्ही काय म्हणावें? त्याच्या तोंडून पहिला प्रश्न निघावयास हवा होता तो, 'मामा, माल झांकून आलांत ना?' हा.

आमच्या मागण्या थोड्या आहेत आणि व्यवहाराच्या आहेत. पावसाचा संभव असलेल्या दिवसांत लग्न धरावयाचें तर आधीं सर्व पाहुण्यांस पुरेल असें छप्पर पाहावें, आणि मग हिरवळ. चित्रांसाठीं पैसे काढण्यापूर्वीं छताचा उतार, विजेची सोय, स्वयंपाकाची जागा व म्हाताऱ्यांची वाट यांसाठीं पैसे वेगळे काढावे. मुहूर्त मानीत असाल तर तो पाळावा, प्रकाशासाठीं ढकलूं नये. मानीत नसाल तर पाहुण्यांस सांगितलेली वेळ पाळावी. चित्रकारास कोरडी जागा व गरम जेवण द्यावें, आणि अंतरपाटापुढची जागा आप्तांसाठीं मोकळी ठेवण्यास त्यास आधींच सांगावें; तो कारागीर आहे, सांगितलेलें ऐकेल. आणि पाऊस आला तर तो चित्रांत येऊं द्यावा.

मंगलाष्टकांच्या अखेरीस वधूवरांस 'सावधान' असें म्हटलें जातें. तो इशारा आतां यजमानांसही देण्याची वेळ आली आहे. ढग दिसतांच त्यांनीं प्रथम मांडवांतल्या माणसांची मोजदाद करावी, आणि त्यांतला प्रत्येक जण कोरडा आहे अशी खात्री झाल्यावरच कॅमेरा कोठें ठेवावयाचा तें विचारावें.